आभाळातल्या लाटा आणि आम्ही तिघं

रडारवरचं काम म्हणजे मुख्यतः वाट बघणं. वाट बघणारी माणसं चहा पितात, आणि चहा पिणाऱ्या माणसांच्या आयुष्यात किस्से आपोआप साठतात. आमच्या हार्ड डिस्कपेक्षा जास्त साठलेत!

निलंग्याच्या बाहेर, उसाच्या फडांना लागून आमचं रडार आहे. गोल फिरणारं नाही. जमिनीवर अँटेनांच्या रांगा, तोंड सरळ आभाळाकडं. रेडिओ लहरी वर सोडायच्या आणि कुठल्या उंचीवर वारा किती, ते बघायचं. वरचा थर जोरात आणि खालचा हळू पळायला लागला की मधल्या हवेचा तोल जातो, तिथं लाटा उठतात. विमानांना धक्के देणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या! त्या पकडायला आम्ही तिघं : गायकवाड सर, टेक्निशियन शेखभाई आणि मी, हदगावची प्राजक्ता.

*

माझ्या आईनं एका स्थळाला फोनवर सांगितलं, "मुलगी आभाळातला वारा बघते."

तिकडून प्रश्न, "मग घरातलं कोण बघणार?"

आई म्हणाली, "तुमचा मुलगा रिकामाच हाय ना?"

स्थळ गेलं. सरांनी पेढे वाटले!

*

रडारचा वारा ताडून बघायला आम्ही अधूनमधून फुगा सोडतो. त्याला खाली यंत्राची डबी, डबीवर शेखभाईंचा नंबर. एकदा फुगा वाऱ्यावर स्वार झाला तो थेट देगलूरकडं! दुपारी एका आजोबांचा फोन, अर्धा मराठीत, अर्धा तेलुगूत.

"तुमचं पार्सल आमच्या तुरीत पडलंय."

शेखभाई ओरडले, "आजोबा, हात नका लावू! मी निघालोच."

"हात तर लावला की. पण ओटीपी कुणाला सांगायचा?"

*

बचत गटाच्या बाया रडार बघायला आल्या. सरांनी फळ्यावर समीकरण मांडलं आणि पहिल्याच ओळीला जांभया सुरू झाल्या. मी प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस घेतला, दोन तळहातांत धरला.

"हा वरचा हात म्हणजे वरचा वारा, जोरात. खालचा जवळपास थांबलेला. मधल्या कापसाचं काय होतं?"

"वळतो की!"

"तशीच मधली हवा वळते. त्याच आमच्या लाटा."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं बया! म्हंजी वर बी कुणीतरी वाती वळून राहिलंय!"

सरांनी समीकरण पुसलं.

*

एका आठवड्यात रोज संध्याकाळी पडद्यावर ठळक लाल पट्टा यायला लागला. सर खुर्चीत बसेनात. "काय खळबळ आहे बघा!" रिसर्च पेपरचं नावसुद्धा ठरलं. एका संध्याकाळी पट्टा उमटला तसे सर अनवाणीच बाहेर पळाले आणि वर बघत उभे राहिले. डोक्यावरून बगळ्यांचे थवेच्या थवे घरी चालले होते.

सर आत आले, शांतपणे बसले. "पेपर लिहू. पण पहिलं नाव बगळ्याचं!"

*

आणि तो दिवस! मुख्य कार्यालयानं सांगून टाकलं होतं, या मोसमात लाटा दिसल्या नाहीत तर रडार दुसरीकडं हलवू. मोसम संपत आलेला. ऐन सकाळी पडद्यावरची सरळ रेषा नागमोडी झाली. मग एकेक शेंडा वळून खाली कोसळायला लागला. अगदी समुद्रासारखा!

सर ओरडले, "आल्या!"

आणि लाइट गेली.

यूपीएस काही मिनिटांचा. आमचा जनरेटर दुरुस्तीला लातूरला. मी रडायच्या बेतात. शेखभाई कुठायत बघते, तर ते कुंपण ओलांडून शेजारच्या लग्नाच्या मांडवात!

"जनरेटर द्या! आमच्या लाटा चालल्या!"

नवरीचे वडील चक्रावले. "मुहूर्त तोंडावर आलाय, अन् जनरेटर?"

नवरी मुंडावळ्या सावरत उठली. "द्या हो बाबा! डीजेबिगर लग्न मोडत न्हाई. त्यांचं मोडून राहिलंय!"

ट्रॅक्टरनं जनरेटर ओढत आणला, मागोमाग अख्खं वऱ्हाड. यूपीएस कोकलत होता, शेखभाईंच्या हातात वायरी, आणि रडार एक क्षणही न थांबता चालू राहिलं! पडद्यावर लाटेमागून लाट. मी आणि सर लहान पोरांसारखे उड्या मारत होतो.

सरांनी मुख्य कार्यालयाला व्हिडिओ कॉल लावला. साहेबांनी पडदा पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला.

"गायकवाड, हे तुमच्याशिवाय कुणी पाहिलंय?"

सरांनी फोन मागं फिरवला. दारात नवरा-नवरी, खिडक्यांत वऱ्हाड, आणि रडारच्या पडद्यावर त्यांनी उधळलेले तांदूळच तांदूळ.

नवरीची आत्या फोनजवळ आली. "समद्यांनी पाह्यलंय, साहेब! अक्षता बी पडल्यात. आता माघारी न्यायचं न्हाई!"