तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खाटा

धाकट्या बहिणीला आठवा महिना लागला होता. नवरा कंत्राटी सफाई कामगार, लालबागच्या चाळीत एक खोली. एका सकाळी तिचे पाय इतके सुजले की चपलेत शिरेनात. डोकंही ठणकत होतं. जवळच्या प्रसूतिगृहात बीपी बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथे ठेवता येणार नाही, मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे एकेका खाटेवर दोघी-दोघी झोपलेल्या. तिथल्याच एका सिस्टरने आम्हाला परळच्या एका धर्मादाय रुग्णालयात जायला सांगितलं. सरकारच्या सवलती घेणाऱ्या अशा रुग्णालयांना गरिबांसाठी काही खाटा मोफत ठेवाव्याच लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. अर्धं आयुष्य ऑफिसातले कागद हाताळण्यात गेलेल्या मला!

काउंटरवरच्या माणसाने आधी डिपॉझिट मागितलं. मी राखीव खाटेचं विचारल्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली. बहिणीचं रेशनकार्ड पिवळं होतं, पण पत्ता सासरच्या गावचा. मग तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हवा झाला. तो मिळेपर्यंत हिने काय करायचं, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, तशाही सगळ्या खाटा भरल्यात.

बहीण बाकावर डोळे मिटून बसली होती. शेजारी लादी पुसणाऱ्या मावशी मान वर न करता हळूच म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर जाऊन बघा, शेवटची खोली."

मी जिन्याने धावतच गेले. खोलीत चार खाटा होत्या, चारही रिकाम्या. गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. खाली बाई घामाने निथळतेय आणि वर हे कोरं प्लास्टिक!

काउंटरवर येऊन मी आवाज न चढवता म्हटलं, "खाटा भरल्यात एवढं लिहून द्या. सही-शिक्क्यानिशी."

तो लिहून देईना. मी हलेना. मागे रांग वाढली, लोक विचारायला लागले, तसे त्याने दोन फोन केले. मग रुग्णालयाच्या समाजसेविका आल्या आणि हमीपत्रावर सही करा, दाखला नंतर आणा, म्हणाल्या. म्हणजे ही सोय होतीच. आम्हाला सांगायची नव्हती, इतकंच.

दुपारी सिझेरियन झालं. मुलगी झाली, लहानशी पण ठणठणीत. आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते, असं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

घरी जायच्या दिवशी एक गृहस्थ कॅमेरा घेऊन आले. ट्रस्टच्या अहवालासाठी बाळासकट फोटो हवा होता. मी काही बोलायच्या आत बहीण म्हणाली, "फोटो नको. आमच्या हक्काची खाट होती, ती आम्ही घेतली." ते कसंनुसं हसले आणि निघून गेले.

दोन महिन्यांनी चाळीतल्याच एका बाईला त्याच काउंटरवर 'खाटा भरल्यात' हे उत्तर मिळालं. मला ऑफिसात फोन आला, पण मी पोचेपर्यंत बहीण तिथे गेलेली होती. कडेवर पोर, हातात कोरा कागद आणि पेन. काउंटरवरच्या माणसाला ती सांगत होती, "लिहा. मी थांबते."

त्या बाईला खाट मिळाली. माझा संताप मात्र अजून उतरलेला नाही. भांडायला ज्यांच्याबरोबर कुणी नसतं, त्या बायका तिथून कुठे जात असतील?