सदामामांचे तीस सेकंद

सदामामा चीटिंग करायचे.

आज सकाळी ते गेले. आता सांगायला हरकत नाही, म्हणून ही पोस्ट लिहायला घेतली. दुपारी एक गोष्ट कळली आणि सगळी पुन्हा लिहावी लागली.
पहिली ओळ तेवढी तशीच ठेवलीय.

ज्यांना मामा माहीत नाहीत त्यांच्यासाठी: आमच्या पेठेत त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गणपती, नवरात्र, संक्रांतीचं हळदीकुंकू, तिथं मी वहिनींच्या खेळांचे प्रोग्राम करतो. त्यात बारा वर्षं मी माईकवर आणि मामा कीबोर्डवर.

टीव्हीवरच्या जुन्या गेम शोचं म्युझिक काय चीज होती, ते आमच्या पिढीला सांगायला नको.
टायटल वाजलं की गल्लीतली पोरं खेळ टाकून घरात. आई गॅस बारीक करून स्वयंपाकघराच्या दारात.
प्रश्न विचारला की ते टिकटिक म्युझिक सुरू. सगळं घर गप्प.
बक्षीस दुसऱ्याला मिळणार, देवाला हात मात्र आम्ही जोडायचो.

मामांना हे सगळं पाठ होतं.
दुकानात येणाऱ्या निम्म्या सेटचं चित्र गेलेलं असायचं आणि आवाज चालू असायचा. मामा काम करता करता ऐकायचे. सूत्रसंचालक दिसायला कसा आहे ते त्यांना ठाऊक नसायचं. पण ब्रेकच्या आधी काय वाजतं, उत्तर चुकलं की काय वाजतं, ते हुबेहूब वाजवायचे.
मांडवात त्यांनी टायटल वाजवलं की बायका आपोआप पदर सावरून बसायच्या. आता आपण टीव्हीत, असंच वाटायचं.

फायनलच्या प्रश्नाला तीस सेकंद. ते घड्याळ पण मामाच हातानं वाजवायचे. त्यांचं म्युझिक थांबलं की टाइम संपला. कुणी मनगटाकडे बघत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी कबनूरला प्रोग्राम होता.
फायनलला दोन वहिनी. एक मंडळाच्या अध्यक्षांच्या भावजय. दुसऱ्या सुरेखावहिनी, पॉवरलूमवर सुताच्या कांड्या भरायला जाणाऱ्या. बक्षीस पैठणी.
अध्यक्षांच्या भावजयींचं उत्तर चुकलं.
मग सुरेखावहिनींना विचारलं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कोणतं. त्यांना येत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण माईकसमोर ओठ नुसते हलत होते. मामा वाजवत राहिले.
शेवटी आलं, "कळसूबाई."
टाळ्या पडल्या. पैठणी त्यांच्या हातात दिली.

तेवढ्यात भावजयींचे मिस्टर मोबाईल घेऊन स्टेजवर. त्यांनी शूटिंग केलेलं. सुरेखावहिनींना एक्कावन्न सेकंद मिळालेले.
आरडाओरडा, कालवा सुरू झाला. पुढच्या वर्षीचं काम हातचं जाईल, या भीतीनं मी माईकवर सांगून टाकलं की मामांची चूक झाली, फायनल परत घेऊ.
सुरेखावहिनींच्या हातातली पैठणी मी स्वतः परत घेतली.
नवे प्रश्न काढले, मोबाईलवर तीस सेकंद लावले. भावजयींनी बरोबर उत्तर दिलं, पैठणी त्यांना गेली. सुरेखावहिनींच्या तोंडून शब्द फुटला नाही. खाली मान घालून त्या बायकांत जाऊन बसल्या.

परत येताना टेम्पोत मामा कीबोर्ड मांडीवर घेऊन बसले होते. शिरोलीच्या नाक्यावर एवढंच बोलले,
"सुन्या, तीस सेकंद तुझ्यासारख्याला रं. जिनं जल्मात पयल्यांदा माईक धरलाय, तिचं तोंड उघडायलाच वीस जात्यात."
मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम, मामा."

पुढच्या प्रोग्रामला मी लॅपटॉप नेला. म्युझिक रेडीमेड, तीस म्हणजे तीस. मामांना फोन केला नाही. त्यांनीही विचारलं नाही.
नंतर एकदा रंकाळ्यावर भेटले. "काय पावणं, बरं हाय न्हवं?" म्हणाले आणि पुढे गेले.
बारा वर्षं मला नावानं हाक मारणारा माणूस मला पावणं म्हणाला. ते लागलं. तरी मी ताठच राहिलो.

आज दुपारी पोस्टला लावायला त्यांचा फोटो शोधत होतो. जुनी हार्ड डिस्क लावली. तिच्यात सगळ्या प्रोग्रामचं शूटिंग आहे.
कबनूरची फायनल लावली आणि मोजत बसलो.
सुरेखावहिनी एक्कावन्न. बरोबर.
त्यांच्या आधी अध्यक्षांच्या भावजय: चोपन्न.
म्हणजे त्यांना जास्तच दिले होते. तरी त्या चुकल्या. ते कुणीच मोजलं नव्हतं.

मग आणखी प्रोग्राम काढले. ज्या वहिनी धीट, त्यांना तीस. जिचा आवाज फुटत नाही, तिला चाळीस, पन्नास. मामांची नजर कीबोर्डवर नसायचीच. ते समोरच्या बाईचा चेहरा बघून वाजवायचे.

सगळ्यात जुनी फाईल हातकणंगल्याची होती. माझा पहिला प्रोग्राम.
टायटल वाजतं, मी स्टेजवर येतो, माईक तोंडाजवळ नेतो.
आणि उभाच राहतो.
पाठ केलेलं सगळं विसरलेलं. सारखी ओठांवरून जीभ फिरवतोय, ते स्क्रीनवरसुद्धा दिसतं. मामा टायटल पुन्हा सुरुवातीपासून घेतात. मग परत. मग परत. माझ्याकडे बघून नुसती मान हलवतात, सावकाश.
मी "नमस्कार" म्हणेपर्यंत दोन मिनिटं दहा सेकंद गेलेत.
लोकांना वाटलं म्युझिकच तेवढं मोठं आहे. आजपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

मला कुणी सेकंद मोजून खाली बसवलं नव्हतं.

सुरेखावहिनी, पैठणी तुमचीच होती. कबनूरच्या कुणी ही पोस्ट वाचली तर त्यांना सांगा. मी घरी येऊन माफी मागणार आहे.

मामा, तुमच्याशी बोलायला मला चार वर्षं मिळाली होती.
माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

चुकलो. शेवटचा नमस्कार.
तुमचा सुन्या