कुंडीतलं नाताळचं झाड

कुवेतमधल्या एगैलातल्या आमच्या इमारतीत समोरच्या घरात वसईचं एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. त्या घरातले भाऊ माझ्या नवऱ्याबरोबर रिफायनरीत होते. त्यांच्या बायकोला मी ताई म्हणायचे. दार उघडलं की समोरून मराठी ऐकू यायची, याचं सुख तिथे राहिलेल्यालाच कळेल.

आखाती युद्ध होऊन दहाएक वर्षं झाली होती. ताईंचा एकुलता मुलगा कॅनडात शिकत होता. नाताळला तो पहिल्यांदाच घरी येणार होता. एरवी त्यांच्याकडे प्लास्टिकचं झाड असे. त्या वर्षी ताईंनी हट्टाने खरं आणलं, परदेशातून कापून आलेलं. लिफ्टमधून बाहेर पडलं की त्याचा वास यायचा.

मुलगा आला नाही. विमानतळाकडे निघालेली त्याची गाडी बर्फावरून घसरली.

त्याला वसईच्या मातीत ठेवून दोघं परतली, तोवर जानेवारी सरत आला होता. झाड हॉलमध्ये तसंच होतं, दिव्यांसकट. नुसतं दार आपटलं तरी काड्यांसारखी पानं झडत. भाऊ म्हणाले, "खाली टाकून येतो."

ताई आडव्या आल्या. "हात लावायचा नाही. त्याच्यासाठी आणलंय."

कितीतरी दिवस ते तसंच उभं राहिलं. शेवटी मीच म्हटलं, "ताई, टाकायचं नाही ना? मग माझ्या कुंड्यांना द्या. फांद्या मातीवर पसरल्या की उन्हाळ्यात ओल टिकेल."

त्या आतून कात्री घेऊन आल्या. माझ्या बाल्कनीत बसून आम्ही फांद्या कापल्या. हात चिकाने माखले. मोगरा, कढीपत्ता, तुळस, सगळ्यांच्या बुडाशी त्या अंथरल्या. उरलेलं खोड मोठ्या कुंडीत रोवून त्यावर कारल्याचा वेल चढवला.

ताई रोज सकाळी पाणी घालायला येऊ लागल्या. मला बरं वाटलं. हाताला काम मिळालं की माणूस सावरतं, असा माझा समज होता.

एकदा पाणी घालता घालता त्यांनी विचारलं, "यातून काही फुटेल का गं?"

मला खोटं बोलवेना. "नाही ताई. कापलेलं आहे ते. मुळं कुठायत त्याला?"

"माहितेय मला," त्या म्हणाल्या, आणि तांब्यातलं पाणी खोडावरच ओतत राहिल्या.

मे महिन्यातल्या धुळीच्या वाऱ्यांनी वेल करपला. बोटाएवढी कारली देठाला वाळून गेली. मोगराही गेला. फांद्यांचा काही उपयोग झाला नाही. मग ताई यायच्याच थांबल्या. मी बेल वाजवली की आतून टीव्हीचा आवाज येई, दार उघडत नसे.

उन्हाळ्यातच भाऊंनी नोकरी सोडली आणि दोघं कायमची वसईला गेली. निघताना मी ताईंना मिठी मारली. त्यांचे हात खालीच लोंबत राहिले.

पुढे मी अधूनमधून फोन करायचे. उचलायचे भाऊच. पावसापाण्याचं बोलून झालं की मी म्हणायचे, "ताईंना द्या ना जरा."

"ती फोनवर येत नाही गं हल्ली," ते म्हणायचे.