परतमावशींची दाढ

सुट्ट्या संपल्या की त्या मोठ्या दुकानात एकाच काउंटरवर गर्दी असते, माल परत घेण्याच्या. तिथे अठरा वर्षं बसणाऱ्या बाईंचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. सगळं दुकान त्यांना परतमावशी म्हणतं.

सुट्ट्यांत माणसांच्या अंगात येतं, हे मावशींचं ठाम मत. पाहुणे येणार म्हणून सहा खुर्च्या घेतात, पाहुणे गेले की डोकं ताळ्यावर येतं, आणि त्याच खुर्च्या घेऊन पडलेल्या चेहऱ्याने रांगेत उभे राहतात. मावशी कारण विचारतात, लिहितात, शिक्का मारतात. आता तर त्या आवाजावरूनच ओळखतात. वस्तू खरंच आवडली नसेल तर माणूस पाच मिनिटं खोट काढत बसतो. पैशाची ओढाताण असेल तर झटकन "आवडलं नाही" म्हणून दुसरीकडे बघतो.

एवढं शहाणपण असून यंदा मावशींनी स्वतःच माती खाल्ली. विहीणबाईंनी लेकीच्या घरी भलामोठा टीव्ही पाठवला. मग मावशी कशा मागे राहणार? दुखऱ्या दाढेसाठी वर्षभर बाजूला टाकलेले पैसे उचलले आणि लेकीला ओव्हन घेऊन दिला. लेक हरखली, जावयाने दोनदा आभार मानले, आणि मावशी त्यांच्याच टेबलावर एका बाजूने चावत जेवल्या. पश्चात्ताप झाला का? त्याच रात्री झाला. पण सांगणार कुणाला?

आज पाय सुजले होते, दाढ ठणकत होती आणि रांग दारापर्यंत गेली होती.

"पुढचे या," मान वर न करता मावशी म्हणाल्या.

काउंटरवर एक खोकं आलं. झाकणाला आतून पावती चिकटवलेली. अशी पावती चिकटवायची सवय साऱ्या जगात एकट्या मावशींनाच होती; म्हणजे हा त्यांनीच दिलेला ओव्हन. मावशींनी मान वर केली. समोर लेक.

"तू गं?"

"पाऊण तास रांगेत आहे. म्हटलं, उगाच वशिला नको."

मागची माणसं चुळबुळत होती. मावशींनी फॉर्म ओढला. "कारण?"

"आवडला नाही," लेक झटकन म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

मावशींनी आवाज खाली आणला. "अडचण आहे का काही? पण पैसे ज्याने भरले त्याच्याच खात्यात परत जातात. तुला दमडी मिळायची नाही."

"आई, हा नियम ऐकत लहानाची मोठी झालेय मी. म्हणून तर आणलाय."

आता मावशींना उलगडलं, आणि रागच आला. "विहीणबाई काय म्हणतील?"

"त्या टीव्ही बघतील."

हात मात्र सवयीने चालत होते. शेवटचा ठरलेला प्रश्नही सवयीनेच तोंडातून निघाला. "बदल्यात दुसरं काही हवंय?"

"हो. दोन्ही बाजूंनी जेवणारी आई," लेक म्हणाली. "उद्या चारला दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. सुट्टी टाक."

भर रांगेत मावशींना रडू आलं. त्यांनी बाहीने डोळे पुसले. अठरा वर्षं लोक सांगतील तेच कारण लिहिणाऱ्या मावशींनी आज लेकीचं ऐकलं नाही. रकान्यात लिहिलं, "विकत घेणारीची चूक," आणि शिक्का मारला.

"पुढचे या."