चार बोटं कापड

ब्लाउज शिवायला टाकायला गेले, तेव्हा टेलरकाका एका मुलीच्या शाळेच्या स्कर्टचं माप घेत होते. ती उगाचच टाचा उंचावून उभी होती.

तिची आई म्हणाली, "काका, खाली दुमड जरा जास्त ठेवा. पुढेही शिकायचंय तिला."

"ते सांगायला कशाला लागतं? पोरींच्या स्कर्टला मी ठेवतोच."

मला हसू आलं. मी सातवीत जाताना माझी आई याच दुकानात याच काकांना म्हणाली होती, "अगदी मापात शिवा. हिचं शाळेचं शेवटचंच वर्ष." पुढच्या जूनमध्ये मी रडून रडून आठवीची परवानगी मिळवली, पण नवा गणवेश कुठला मिळायला! आईने कुरकुरतच जुन्या स्कर्टची दुमड उसवली, तर आतून चार बोटं कापड निघालं. ती कितीतरी वेळ ते हाताने सपाट करत बसली.

आपण शिकावं असं आणखी कोणाकोणाला वाटत होतं, हे कधीकधी असं उसवल्यावरच कळतं.

वर्षभर माझा स्कर्ट वर विटका आणि खाली गडद निळा दिसायचा. मैत्रिणी हसायच्या. मी मात्र त्या निळ्या काठाकडे बघत बघतच शाळेत जायचे.