नकाशातली मोरी

हिंजवडीतल्या एका छोट्या सर्वेक्षण कंपनीत तनुजा साखरे जमिनीचा चढउतार तपासते. उपग्रहाने टिपलेल्या उंचीचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरले की पाण्याच्या वाटा पडद्यावर उमटतात. मात्र रस्त्याखालून पाणी काढून देणारी मोरी सॉफ्टवेअरला कळत नाही. रस्ता उंच दिसला की त्याला तो बांधच वाटतो. म्हणून जागेवर जाऊन मोऱ्या पाहायच्या आणि नकाशात त्या हाताने उघडायच्या, असा कामाचा शिरस्ता आहे.

यंदा तिच्याकडे सासरचीच जमीन आली. सासरे हिंदुराव यांनी ती बिल्डरला दिली होती; बदल्यात तिथे होणाऱ्या सी इमारतीत तीन फ्लॅट ठरले होते. मोरी न उघडता तनुजाने नकाशा काढला, तेव्हा पाणी रस्त्यापाशी अडले आणि शेजारच्या माळावर वळले. तिथे वाशीम-यवतमाळकडच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. मोरी उघडल्यावर ओढा सी इमारतीच्या पायातून गेला. ओढ्यावर इमारत बांधता येत नाही.

"पहिलाच नकाशा दे," कंपनीचे मालक विक्रम म्हणाले. "त्यात खोटं काही नाही. एक पायरी राहिली, एवढंच."

"सर, मोरी मी पाहून आलेय."

"तुला कोणी पाहायला सांगितलं होतं?"

घरी हिंदुराव जेवत होते. "वढा कुठला हाय तिथं? पावसाळ्यात पानी येतं, मग जातं."

"मामा, त्यालाच ओढा म्हणतात."

"व्हय का? आमचा जन्म गेला त्या रानात. आता सूनबाई शिकवणार." त्यांनी ताट सारले. तनुजाचा नवरा ऋषी मोबाइल बघत राहिला.

तनुजाने मोरी उघडलेल्या नकाशावरच सही केली. बिल्डरने काम दुसऱ्या कंपनीला दिले. त्या कंपनीच्या नकाशात मोरी बंद होती. परवानगी मिळाली. हिंदुराव आता सुनेशी ऋषीमार्फत बोलतात.

मे महिन्यात पायाचे खोदकाम सुरू झाले आणि बिल्डरने मोरीचे तोंड मुरूम टाकून बुजवले. नकाशात दाखवले होते तसेच पाणी आता खरोखर वळणार होते.

तनुजा माळावर गेली. खोल्यांपुढे मालनबाई भांडी घासत होती. पाणी कुठून येईल, कुठवर चढेल, हे तनुजाने हात करून दाखवले.

"मंग जावं कुठं, हे बी सांगते का तुमचं मशीन?" मालनबाईने विचारले.

कोरडी जागा एकच होती, वर चढावर. तिथे बिल्डरचे विक्री कार्यालय होते.