हिंगणघाटच्या तीन बुक्क्या

पुण्याहून निघाले तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत एक गादी होती. उशीपेक्षा जाड, गादीपेक्षा लहान. भिंतीला अडकवून तिच्यावर ठोसा मारला की त्याचा जोर लॅपटॉपवर उमटतो. सोबत मनगटाला बांधायचा एक पट्टा, तो हाताचा वेग सांगतो. टीसींनी पिशवीकडे बोट केलं, "यात काय?" मी म्हटलं, "बॉक्सरचे ठोसे मोजायचं मशीन." त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि तिकीट न मागताच पुढे गेले.

काम एकाच मुलीचं होतं. पुण्याच्या सराव शिबिरात एक जागा उरली होती. तीन ठोशांची सरासरी ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर जागा हिंगणघाटच्या प्रणालीची, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीची. अहवाल त्याच संध्याकाळी हवा, असं आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी बजावलं होतं; निवडीतला शेवटचा शब्दही त्यांचाच.

वर्ध्याला उतरले. मार्च संपायचा होता, पण उन्हाला कुणी सांगितलं नसावं. स्टेशनबाहेर आलूबोंडा (बटाटेवडाच, पण वर झणझणीत तर्री) खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी काढत हिंगणघाटची बस धरली. शेजारच्या आजोबांनी माझ्या मशीनवर डोकं टेकलं आणि थेट वेणा नदीच्या पुलापर्यंत घोरले. लॅपटॉप बंद होता, नाहीतर त्यांचाही आकडा मिळाला असता.

स्टँडवर प्रशिक्षक ढोक सर स्कूटर घेऊन हजर. "जय भीम मॅडम! मले वाटलं, पुण्याचे लोकं दुपारचे झोपतेत, येत नाईत." मी ऐकून घेतलं. पुणेकराला दुसरा इलाज नसतो.

सरांची बॉक्सिंगची शाळा म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगचं (सरकी आणि रुई वेगळी करण्याचा कारखाना) गोदाम. वर टिनाचं छप्पर, खाली भट्टी. पंखा एकच. गादी भिंतीच्या हुकाला लावल्याबरोबर सरांनी तो पंखा तिच्याकडे वळवला. आम्ही माणसं घाम पुसत उभी, आणि मशीन हवा खातंय!

प्रणाली सकाळभर आईसोबत हरभरा सोंगून (कापून) आली होती. एकोणीस वर्षांची, बारीक, बोलणं जेवढ्यास तेवढं. "औंदाच चान्स हाये तिले," सर हळूच म्हणाले. "पुढच्या साली वय बसत नाई." तिने सरावासाठी वाळूच्या पोत्यावर एक बुक्की (ठोसा) हाणली, तर छपरावरची धूळ माझ्या डोक्यात पडली. मी खूश झाले. म्हटलं, आज लवकर सुटका.

मग तिने मशीनवर मारली. आकडा बघून मी लॅपटॉपवरच एक चापट मारली. पोळीची कणीक तिंबताना बाया याहून जोरात मारतात! दुसरी बुक्की, तीच गत.

"काय वं, जेवली नाई का तू?" ढोक सर मटकन खालीच बसले.

मशीन बिघडलं म्हणावं तर मनगटावरच्या पट्ट्याचा आलेख वेगळंच सांगत होता. हात सुसाट निघत होता, आणि गादी वीतभर राहिली की कचकन ब्रेक मारत होता. दोन्ही वेळा, त्याच जागी.

"हात का आवरतेस गं?"

तिने मनगटावरचा पट्टा नीट केला. मग म्हणाली, "सरनं सांगतलं, सांभाळून मारजो, लई महागाची मशीन हाये. पाहुण्यायची वस्तू. फुटली म्हंजे?"

मला असा संताप आला म्हणता! हिचं सगळं आयुष्य त्या आकड्यावर टांगलेलं, आणि ही बया माझ्या गादीची काळजी करतेय. रडूही आलं. मी ते घामासोबत पुसून टाकलं.

"फुटू दे! माझं नाहीये ते, आमच्या साहेबांचं आहे."

"साहेब कसे हायेत?"

"माझी दिवाळीची रजा कापली त्यांनी."

ती पहिल्यांदा हसली. मागे सरली आणि तिसरी बुक्की मारली. हुक प्लास्टरसकट बाहेर आला, गादी जमिनीवर. लॅपटॉपवर एक आकडा आला, माझ्या नोकरीत पाहिला नव्हता असा, आणि त्यानंतर गादीकडून काहीच येईना. सर नाचायला लागले. प्रणालीने आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. गादी उचलून तिची धूळ झटकत म्हणत होती, "पाहा, फुटली ना!"

मशीन गार झालं होतं. आता पुन्हा मोजणंही शक्य नव्हतं. निघताना सरांनी गोरसपाकचा (तुपातली खुसखुशीत बिस्किटं) डबा हातात कोंबला. "साहेबायले देजा. गोड खाऊन माणूस कमी रागावते."

परतीच्या गाडीत हिशेब मांडला. तिन्हींची सरासरी कमीच पडत होती. पहिले दोन आकडे खोडावेत असं फार वाटलं, पण नको तो आकडा खोडायचा नाही, हे मीच प्रयोगशाळेतल्या नव्या पोरांना शिकवते. मी तिन्ही आकडे, तिन्ही आलेख पाठवले आणि खाली एक ओळ लिहिली: "पहिल्या दोन बुक्क्या आपल्या मशीनची काळजी घेण्यासाठी होत्या. बुक्की एकच मारली, तिसरी."

बडनेऱ्याच्या आसपास साहेबांचा फोन आला. "मशीन?"

"गेलं."

"तिसरीनेच?"

"तिसरीनेच."

पलीकडे आलेख पुन्हा उघडल्याची टकटक ऐकू आली. मग, "बोलाव तिला."

इतकी वर्षं मी हातांचा वेग मोजला, जोर मोजला. हात मागे ओढायलाही जोर लागतो, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. मी तिथूनच प्रणालीला फोन लावला. जागा मिळाल्याचं सांगितलं.

"मॅडम, मशीन सुधरली का?"

"नाही."

"मंग कोणत्या तोंडानं येऊ जी?"

"तोंड कोणतंही आण बाई," म्हटलं, "हात मात्र तोच आण."